अळी मेली पाहिजे

जिवाणू कोणत्या खात्याचा, हा प्रश्न नाशिक जिल्ह्यात त्याआधी कोणालाच पडला नव्हता. जमीन महसूल खात्याची, म्हैस पशुसंवर्धनाची, साग वनखात्याचा आणि रस्त्यावरचं कुत्रं कोणाचंच नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. जिवाणू मात्र आजवर कोणाच्या टेबलावर अर्ज घेऊन आला नव्हता, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं. त्यात खोडा घातला तो ज्योत्स्ना तिडकेने.

ज्योत्स्ना एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. घर मखमलाबादचं. वडील गोटीराम फ्लॉवर आणि कोबी लावायचे आणि आई नवसाबाई तो माल गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात विकायची. सहा वर्षांपूर्वी ज्योत्स्नाने बापाच्या वावरातली चिमूट चिमूट माती शेकडो बशांमध्ये घातली आणि त्यातून काय उगवतं ते बघत बसली. लग्नाचं काय, असं विचारायला येणारे नातेवाईक त्या बशा बघून परत जायचे.

सतरा नंबरच्या बशीत जो जिवाणू निघाला, त्याचं खानदान शेतकऱ्यांच्या चांगलं ओळखीचं. त्याचे भाऊबंद एक विष तयार करतात, त्याने अळी मरते, आणि ते भाऊबंद कृषी सेवा केंद्रात पुड्यांमध्ये भरून मिळतात. हा सतरा नंबर मात्र कुळाला बट्टा लावणारा निघाला. अळीने त्याचं विष खाल्लं आणि ती मजेत पुढच्या पानाकडे वळली. पण तेच विष कर्करोगाच्या पेशींवर घातलं, तेव्हा त्या फुगल्या, फुटल्या आणि मेल्या. शेजारच्या निरोगी पेशींना बहुतेक काही झालं नाही. ज्योत्स्नाने हा प्रयोग अकरा वेळा केला, कारण पहिल्या दहा वेळा तिचा स्वतःवर विश्वास बसला नाही.

नवसाबाईला छातीचा कॅन्सर होता. दर तीन आठवड्यांनी तिला सलाईनमधून लाल औषध चढायचं, आणि पुढचे चार दिवस तिला भाकरीचा वाससुद्धा सोसवायचा नाही. लेकीने सतरा नंबरची हकिगत सांगितली, तेव्हा ती खाटेवर पडूनच म्हणाली, "म्हंजे इखच ना गं ते?"

"हो आई. जिवाणूचं विष."

"मग मला चढवत्यात ते काय तीर्थ हाय का? केस गेले माझे त्याच्यानं. इखाबिगर कॅन्सर मरतो का कुठं? फक्त त्याला मारलं पाहिजे आणि मला नाय, एवढंच बघ."

सहा वर्षांच्या संशोधनाचा सारांश इतका नेमका ज्योत्स्नालाही लिहिता आला नव्हता.

"तुझ्या कामी नाही यायचं आई," ती म्हणाली. "बशीतली पेशी वेगळी, माणूस वेगळा. अजून उंदरांवर बघायचं, मग माणसांवर. पंधरा वर्षं तरी जातील. आणि शेवटी काहीच नाही असंही निघेल."

"मग पंधरा वर्षांनी जी बाई ह्या खाटेवर पडंल, तिच्या कामी येऊ दे. पाठव लवकर कुठं पाठवायचं तिथं."

पाठवायचं होतं मुंबईच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत. ती संस्था उंदरांवरचे पुढचे प्रयोग करायला तयार होती. अट एकच. नमुना ३१ डिसेंबरपर्यंत पोहोचला पाहिजे आणि सोबत स्थानिक सक्षम प्राधिकाऱ्याचं अनापत्ती प्रमाणपत्र पाहिजे. तारीख चुकली तर पुढची संधी पाच वर्षांनी. ज्योत्स्नाने ऑगस्टमध्येच सक्षम प्राधिकारी शोधायला सुरुवात केली. तिला वाटलं, चार महिने म्हणजे भरपूर झाले. प्रयोगशाळेत राहणाऱ्या माणसाला जगाचा अंदाज नसतो, तो असा.

आरोग्याच्या कार्यालयाने सांगितलं की याने अजून कोणी बरं झालेलं नाही, त्यामुळे हे औषध नाही. पोलीस ठाण्याने सांगितलं की याने अजून कोणी मेलेलं नाही, त्यामुळे हे विष नाही. कोणी मेल्यास कळवावे. शेवटी कोणीतरी तिला 'सूक्ष्मजीव वर्गीकरण व अनापत्ती कक्ष' असा पत्ता दिला. हा कक्ष एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होता. तिथे एक कक्ष अधिकारी, एक शिपाई, एक संगणक आणि एक बंद पडलेला वॉटर कूलर होता.

कक्ष अधिकारी जीवन खैरनार हा माणूस वाईट नव्हता. तो लाच घेत नव्हता, आलेल्याला स्वतःच्या पैशाने चहा पाजत होता आणि नियमाबाहेर काहीही करत नव्हता. लाच घेणारा असता तर काम आठवड्यात झालं असतं, असं पेठ तालुक्याकडचा पुंजा शिपाई पुढे तिला जिन्यात हळूच म्हणाला.

खैरनारांनी अर्ज दिला. पहिलाच रकाना होता: 'सदर पदार्थ औषध आहे / विष आहे (नको ते खोडावे).' ज्योत्स्नाने बराच विचार करून काहीच खोडलं नाही.

"मॅडम, यात खोडायचं असतं," खैरनार समजुतीने म्हणाले.

"साहेब, हे विष आहे, आणि कदाचित त्याचं औषध होईल. दोन्ही खरं आहे."

"दोन्ही खरं असेल. पण रकाना एक आहे."

आता औषध म्हणावं तर खोटं बोलल्यासारखं झालं असतं. ज्योत्स्नाने प्रामाणिकपणे 'औषध' खोडलं. खैरनारांनी आनंदाने संगणकात 'विष' भरलं, तर संगणकाने विचारलं, कोणासाठी? आणि यादी दाखवली: उंदीर, घूस, अळी, तण.

"कर्करोगाची पेशी," ज्योत्स्ना म्हणाली.

"यादीत नाही."

"मग 'इतर' असेल ना?"

"'इतर' होतं. पण लोक त्यात काहीही लिहायचे, म्हणून काढून टाकलं." खैरनारांनी तिच्या कागदावरचं जिवाणूचं नाव वाचलं, ते भरलं, आणि संगणकाने आपण होऊन 'अळी' हा शब्द निवडला. खैरनारांचा चेहरा खुलला. "हे बघा! याचं खानदानच अळीचं आहे. झालं की काम. आता फक्त चाचणी. अळी मेली पाहिजे, की लगेच प्रमाणपत्र."

"पण साहेब, याने अळी मरत नाही. तेच तर याचं वैशिष्ट्य आहे!"

"एवढं निराश होऊन कसं चालेल मॅडम? चाचणी तर होऊ द्या."

चाचणीसाठी नियमाप्रमाणे पाव पाव लिटरचे तीन नमुने लागत होते: एक चाचणीला, एक कार्यालयाच्या कपाटात, एक अर्जदाराकडे. ज्योत्स्नाकडे होत्या चिमुकल्या सहा कुप्या, सगळ्या मिळून चहाचा चमचाही भरला नसता. तिने घरचा मोठा कुकर लॅबमध्ये नेला, त्यात सगळं साहित्य निर्जंतुक केलं आणि वीस दिवस राबून पाऊण लिटर विष वाढवलं. नवसाबाईने तेवढे दिवस वरण पातेल्यात शिजवलं आणि त्याबद्दल गोटीरामची बोलणी खाल्ली. नमुन्यांना लाखेचं सील लावायचं होतं, पण कार्यालयातली लाख संपली होती. खैरनारांनी बाटल्यांच्या तोंडाला कागद लावून वर रबर लावलं आणि नोंद केली: 'लाख शिल्लक नसल्याने रबराद्वारे मोहोरबंद.'

राहिल्या अळ्या. पन्नास अळ्या खरेदी करण्यासाठी दोनदा निविदा काढल्या, एकही भरली गेली नाही. अळी विकणारा अधिकृत पुरवठादारच महाराष्ट्रात कुठे नव्हता. शेवटी 'अर्जदाराने अळ्या स्वखर्चाने आणाव्यात' असा शेरा बसला. ज्योत्स्नाने बापाच्या वावरातून पन्नास अळ्या निवडल्या आणि पानांसकट डब्यात घालून आणल्या. नोव्हेंबर संपत आला होता.

अळ्यांवर देखरेख पुंजाकडे होती. रोज सकाळी दहा वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता त्या मोजायच्या. शनिवारी-रविवारी सुट्टी. विष शिंपडलेली कोबीची पानं अळ्यांनी पहिल्या दोन दिवसांत संपवली. तिसऱ्या दिवशी पुंजाला त्यांची दया आली आणि त्याने आपल्या डब्यातली मेथीची भाजी त्यांना घातली, ती मात्र त्यांनी खाल्ली नाही. मग काहींनी कोष केले. पुढच्या सुट्टीनंतर सोमवारी डबा उघडला, तर त्या कोषांतून पतंग बाहेर पडले आणि खैरनारांच्या डोक्यावरून खिडकीबाहेर निघून गेले. अहवाल असा झाला: 'एकूण अळ्या पन्नास. मृत शून्य. हजर एकोणचाळीस. फरार अकरा.'

"मी म्हणाले नव्हते?" ज्योत्स्ना म्हणाली. खरं तर तिला आतून आनंदच झाला होता. तिच्या सहा वर्षांच्या निष्कर्षावर शासनाचा शिक्का बसला होता.

खैरनार गंभीर होते. "मॅडम, प्रकरण अवघड झालं. तुम्ही पाऊण लिटर विष तयार केलंत, आणि त्याने अळी मरत नाही. म्हणजे हे बोगस कीटकनाशक झालं. साठा नष्ट करावा लागेल. कुप्यांसकट."

ज्योत्स्ना खुर्चीतून उठली. "अहो, ते कीटकनाशक नाहीच!"

"असं बोगस माल विकणारे सगळेच सांगतात." मग तिचा चेहरा बघून ते विरघळले. "एक करता येईल. फेरचाचणीचा अर्ज द्या. तुमच्याकडच्या तिसऱ्या बाटलीने घेऊ. मी मनापासून सांगतो मॅडम, यावेळी अळी मेली पाहिजे."

ती बाटली घरच्या फ्रीजमध्ये होती, कारण कॉलेजात तपासणी समिती येणार म्हणून लॅबला रंग चालला होता. त्या संध्याकाळी ज्योत्स्ना आईच्या खाटेशी बसून रडली. चार महिने रडली नव्हती, ते सगळं एकदम. नवसाबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"म्हंजे अळ्या मेल्या की कागद?"

"हो."

"एवढंच ना? मग रडती कशाला येड्यासारखी?" आणि ती कूस बदलून झोपली.

फेरचाचणी अठ्ठावीस डिसेंबरला झाली. पुंजाने तिसऱ्या बाटलीचं रबर काढलं, पानांवर शिंपडलं आणि चहा आणायला खाली गेला. चहा येईपर्यंत पन्नासच्या पन्नास अळ्या उताण्या पडल्या होत्या. डब्याच्या कडेला बसलेली माशीही मेली.

"वा!" खैरनार उभे राहिले. "होतं की मॅडम! तुम्ही उगाच नाही नाही करत होतात."

ज्योत्स्नाने बाटली नाकाशी नेली आणि तिला घरच्या पडवीतला वास आला, तिथे वडिलांच्या फवारणीच्या बाटल्या असायच्या. तिने गॅलरीत जाऊन फोन लावला.

"दोनच थेंब टाकले," नवसाबाई म्हणाली. "दुकानातलं निळं औषध. अगं, बाजारात बी हेच. गिऱ्हाइकाला गड्ड्यात अळी दिसली की गड्डा परत. मग काय करावं माणसानं? मारतो आम्ही. मिळाला का कागद?"

ज्योत्स्ना खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. ती आत गेली, खुर्चीवर बसली आणि काहीच बोलली नाही. तीन दिवस उरले होते. गप्प बसणं इतकं सोपं असतं, हे तिला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं.

प्रमाणपत्र तासाभरात मिळालं. वर लाल त्रिकोण, त्यात कवटी. खाली लिहिलं होतं: 'अत्यंत परिणामकारक अळीनाशक. कोणतीही हरकत नाही. मानवी शरीरात कोणत्याही कारणास्तव जाऊ देऊ नये.'

तिने ते त्याच दिवशी स्कॅन करून मुंबईला पाठवलं आणि नमुना कधी आणू, असं विचारलं. एकतीस तारखेला उत्तर आलं. 'आपल्या प्रमाणपत्रानुसार सदर पदार्थ मानवी शरीरात जाऊ देण्यास मनाई आहे. आमच्या संस्थेचे कार्य मानवी शरीराशी निगडित आहे. सबब आपला प्रस्ताव दप्तरी दाखल करण्यात येत आहे. नवीन वर्षाच्या शुभेच्छा.'

दोन जानेवारीला ज्योत्स्ना खैरनारांसमोर उभी होती. "साहेब, त्या बाटलीत दुसरं औषध मिसळलं होतं. प्रमाणपत्र रद्द करा. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, पण ते रद्द करा. सतरा नंबरने अळी मरत नाही."

"मॅडम, अळी मरत नाही असा अहवाल होता तेव्हा तुम्हाला तो नको होता. आता मरते असा आहे, तर तोही नको!" खैरनारांना खरंच वाईट वाटलं. "आणि आता माझ्या हातात काही नाही. मी प्रस्ताव वर पाठवला, मंजूरही झाला. शेतकरी हितासाठी तुमचा जिवाणू प्रात्यक्षिकाला घेतोय. नाशिकचं नाव झालं."

मग त्यांनी पुंजाला कूलरचं काय झालं ते बघायला पाठवलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"एक विचारू? ते खरंच तसल्या पेशी मारतं?"

"बशीतल्या. हो."

"माझी बहीण आहे सटाण्याला. आशा. आता डॉक्टर म्हणतात, घरीच ठेवा." ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "थोडंसं मिळेल का? घरगुती. कोणाला सांगणार नाही मी."

"नाही हो साहेब. ते अजून औषध नाही. त्याने काय होईल हे मलाही माहीत नाही. ते कळावं म्हणूनच तर मुंबईला पाठवायचं होतं."

"मग पाठवायला पाहिजे होतं," खैरनार कळवळून म्हणाले. "कोणी अडवलं?"

दोघांचीही नजर टेबलावरच्या फाईलकडे गेली. ती खैरनारांनी उचलून कपाटात ठेवली आणि चहा मागवला.

प्रात्यक्षिकाच्या आदेशात शब्द होता 'संपूर्ण साठा'. साठा न्यायला पुंजा कॉलेजात आला, त्या दिवशी ज्योत्स्ना आईला लाल औषध चढवायला दवाखान्यात घेऊन गेली होती. प्राचार्यांनी सहा मूळ कुप्या आणि तिने जपून ठेवलेल्या त्यांच्या नकला असं सगळं स्वतःच्या हाताने काढून दिलं. समिती येणार असल्याने त्यांना फ्रीजर रिकामा दिसायला हवा होता. देताना त्यांनी फोटोही काढून घेतला.

प्रात्यक्षिक झालं गोटीरामच्याच वावरात, कारण लाभार्थी म्हणून अर्जावर पत्ता तोच होता. पंधरा लिटरच्या फवारणी पंपात सगळ्या कुप्या ओतल्या. ज्योत्स्ना धावत पोहोचली, तेव्हा पुंजा रिकाम्या कुप्या विसळून ते पाणीही पंपात घालत होता, कारण आदेश संपूर्ण साठ्याचा होता. पाहुणे बघत होते, अळ्या मजेत पानं खात होत्या. पुंजाने आजूबाजूला बघितलं, खिशातून निळी बाटली काढली आणि पंपात दोन थेंब टाकले. तोपर्यंत ही कृती पंचक्रोशीत सगळ्यांना पाठ झाली होती. अळ्या मेल्या, टाळ्या झाल्या, नारळ फुटला.

सतरा नंबर जिथून आला होता, त्याच मातीत परत गेला. ज्योत्स्ना बांधावर बसून त्या ओल्या सरींकडे बघत राहिली. त्याला शोधायला तिला सहा वर्षं लागली होती. आईच्या नंतर त्या खाटेवर येणाऱ्या बाईला आता किती थांबावं लागेल, याचा हिशोब तिने दोनदा केला आणि मग सोडून दिला.

पुढच्या बुधवारी ती गंगेवरच्या बाजारात आईशेजारी बसली होती. समोर त्याच वावरातला फ्लॉवर, पांढराशुभ्र. एक गिऱ्हाईक आलं. गड्डा उचलला, उलटा केला, देठाकडून फाकवला, डोळ्यांजवळ नेला.

"अळी नाही ना निघणार?"

"एक बी नाय," नवसाबाई म्हणाली.

बांधाच्या कडेचा एक गड्डा फवारणीतून सुटला होता. त्यात हिरवीगार, टुणटुणीत अळी बसली होती. ज्योत्स्नाने तो पुढे केला. "हा न्या. याच्यावर काही मारलेलं नाही. ही बघा, जिवंत आहे. अळी काढून टाका आणि बिनधास्त खा. फुकट देते."

"शी!" गिऱ्हाइकाने हात मागे घेतला, पांढरा गड्डा पिशवीत टाकला आणि ते घाईने पुढे गेलं.

ते गिऱ्हाईक कोण होतं, हे ज्योत्स्नाने विचारलं नाही, म्हणून मलाही सांगता येणार नाही. पण तुम्ही परवा आणलेला फ्लॉवर जरा आठवून बघा. गड्डा उलटून, फाकवून, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला होतात ना? एकही अळी निघाली नाही, म्हणून खूश झाला होतात ना? मग खैरनारांना उगाच शिव्या देऊ नका. त्यांनी फक्त तुमचाच नियम रकान्यात भरला होता.